आवाज बंद, प्रश्न चालू

चाकणच्या कंपनीची बस थेरगावच्या डांगे चौकातून सुटायची आणि तिची शेवटची दोन बाकं तीन माणसांच्या नावावर असल्यासारखी होती. कोणी नवखा चुकून तिथं बसलाच, तर त्याला उठवायचे नाहीत. छे, उठवायचं कशाला! फक्त प्रश्न विचारायचे. "काय हो, एका वाद्याला आकाशवाणीवर कितीतरी वर्षं बंदी होती. कुठलं?" बिचारा पहिल्या शिफ्टला निघालेला, डोळ्यांवर झापड, त्याला काय डोंबल ठाऊक! मग तिघं मिळून ओरडणार, "पेटी! आपली बाजाची पेटी!" दुसऱ्या दिवशी तो गडी मुकाट्यानं पुढच्या बाकावर.

या तिघांतले दौलतराव उदगीरकडचे, प्रेस शॉपमधले. गाडीच्या दाराचा पत्रा दाबून त्याला आकार देणारं अवाढव्य मशीन त्यांच्या हाताखाली. शेखर चिपळूणचा, साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूल रूममध्ये. तोंडानं तिखट आणि मनानं मऊ. बुद्धरत्न पिंपरीतच जन्मलेला, तयार माल तपासणारा. त्याची तपासायची खोड अशी, की मित्रानं सांगितलेली गोष्टसुद्धा उलटून पालटून बघितल्याशिवाय गिळायचा नाही.

दौलतराव शहरात आले तेव्हा माणसांशी बोलणं व्हायचं ते कामापुरतं. 'पत्रा आला का', 'भाडं दिलं का', संपलं. बसमध्ये पहिल्यांदा चढले त्या दिवशी शेखर सांगत होता, की मूकपटाच्या सुरुवातीच्या काळात नायिकेच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलातल्या आचाऱ्याला साडी नेसवून उभा केला. दौलतरावांच्या तोंडून निघून गेलं, "अन् पुढं त्याच गड्यानं एका सिनेमात राम बी केला अन् सीता बी!" त्यांचे मामा तंबूतल्या सिनेमात मशीन चालवायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं. शेखर गर्रकन वळला. मग बाकावर सरकून म्हणाला, "ये रे बाबा, बस इथं." दौलतराव घरी जाऊन बायकोला, सुमनताईंना म्हणाले, "आज मला माणसं भेटली."

तेव्हापासून रोजचा प्रवास म्हणजे मेजवानी. जुन्या तबकड्यांच्या शेवटी गाणारी बाई स्वतःचं नाव का सांगायची? कारण तबकडी बनायला परदेशात जायची, तिथल्या साहेबाला कळायला नको का, कुणाचं गाणं ते! चाकणच्या किल्ल्यानं शाहिस्तेखानाला किती झुंजवलं? जवळजवळ दोन महिने. एवढासा भुईकोट, पण खानाला सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. ज्या रस्त्यानं रोज ट्रेलरच्या मागं रखडत जायचं, त्याच गावची ही गोष्ट. दौलतरावांना त्या वाहतुकीच्या कोंडीचं कधी वाईट वाटलं नाही. कोंडी जेवढी जास्त, तेवढे प्रश्न जास्त.

आणि मग कान गेले.

एका दिवसात नाही गेले. आधीची कितीतरी वर्षं भोसरीच्या एका लहानशा शेडमध्ये गेली होती, तिथं कानात घालायला काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. चाकणला आल्यावर बोळे मिळाले, तर हे महाराज ते काढून खिशात टाकायचे. का, तर म्हणे मशीनचा आवाज बदलला की डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बिघडलेली कळते. मशीनचं कळलं, स्वतःचं नाही कळलं! आधी कुकरच्या शिट्ट्या हरवल्या, मग नातवाची बडबड, मग बसमधल्या गप्पा. डॉक्टरनं कानाला ऐकायचं मशीन लावायला सांगितलं. सुमनताईंनी डोकं फोडून घ्यायचं बाकी ठेवलं. पण दौलतराव ऐकतील तर शपथ. मशीन लावलं की सगळ्यांना दिसणार. मग शेखर हळू, जपून बोलणार, आजाऱ्याशी बोलतात तसं. बुद्धरत्न चूक काढायची सोडून देणार. चार वर्षांच्या पोराला मुद्दाम जिंकू देतात, तसं आपल्याला वागवणार. ती कीव त्यांना नको होती. त्यापेक्षा मागचं बाक सोडलेलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

पण त्यांचं नशीब जोरावर. त्याच सुमारास बसचे ड्रायव्हर, यशवंतराव, एकदम भडकले. यशवंतराव म्हाळुंग्याचे जुने शेतकरी. जमीन कारखान्यांत गेली, स्टिअरिंग हातात आलं. एका सकाळी गाडी बाजूला घेऊन मागं आले आणि कडाडले, "आजपास्नं गाडीत आरडाओरडा न्हाई पायजे! मला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत न्हाई. बोलायचं आसंल तर त्वांडं एकमेकाकडं करा आन् हातानं बोला!"

कारखान्याच्या गदारोळात सगळे हातांनीच बोलतात, त्यामुळं तिघांना ते अवघड नव्हतं. शेखर पुढच्या बाकावर उलटा, तोंड मागं करून बसायला लागला. हँडल फिरवल्यासारखं केलं की सिनेमा, मिशीला पीळ दिला की इतिहास, कानावर हात ठेवला की गाणं. प्रश्न अगदी समोर, ओठ मोठे करून, सावकाश. दौलतरावांना एकेक अक्षर दिसायचं. जीव भांड्यात पडला त्यांचा! बाक वाचलं. पुढची दोन-तीन वर्षं ते रोज बसमध्ये चढताना यशवंतरावांच्या पाठीकडे बघून मनातल्या मनात हात जोडायचे.

यंदा खंडेनवमीच्या पूजेनंतर कँटीनमध्ये प्रश्नमंजूषा ठेवली. गाणी, सिनेमा, इतिहास. प्रेस शॉपच्या साहेबांनी कुणाला न विचारता या तिघांची नावं देऊन टाकली, कारण यांची ख्याती सगळ्या कंपनीत. नियम असा, की प्रत्येकाला एक प्रश्न एकट्यानं सोडवायचा.  माइकवरचा आवाज म्हणजे दौलतरावांना नुसती घरघर. गुडघा दुखतो म्हणून बघितलं, गावाकडं लग्न आहे म्हणून बघितलं. बुद्धरत्ननं विचारलं, "भावा, खंडेनवमीला कुणाचं लग्न?" झालं, अडकले.

पूजेच्या दिवशी सकाळी ते बसच्या वेळेआधीच चौकात गेले. आज भांडं फुटणार, उद्यापासून मागच्या बाकावर आपण नसणार, तर निदान ज्याच्यामुळं इतके दिवस मिळाले त्याचे आभार तरी मानावेत. सुमनताईंनी केलेल्या करंज्यांचा डबा त्यांनी यशवंतरावांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "यशवंतराव, मला ऐकू येत नाही हो. कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी आवाज बंद केलात म्हणून मी त्या दोघांत टिकलो. फार उपकार झाले बघा."

यशवंतरावांनी डबा सीटवर ठेवला. मग त्यांनी दौलतरावांचा खांदा धरून त्यांना समोर वळवलं, सरळ तोंडासमोर तोंड आणलं.

"आरं माझ्या राजा, मी कसला आवाज बंद करतुया! ह्या गाडीच्या इंजिनाम्होरं तुमचं वराडणं कोण ऐकतंय? तुजी ती दोन दोस्तं आल्ती माझ्याकडं. म्हनली, काका, आमच्यावर खेकसा. म्हनलं, का? तर म्हनली, आमचा दौल्या ऐकायचा बंद झालाय, आन् त्यो सांगत न्हाई. आमी इचारलं तर उठून जाईल. तुमी खेकसला तर कुणाला काय वाटायचं न्हाई. शप्पत घातल्याली मला. आज मोडली बघ."

 म्हणजे दोघांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. म्हणजे शेखर इतकी वर्षं उलटा बसून, कंबरडं मोडून घेऊन प्रवास करत होता तो कुणासाठी? आणि वर रोज शिव्या कुणाला, तर यशवंतरावांना! "काय खडूस म्हातारा आहे, सरळ बसू देत नाही." आणि तरी त्यांनी कधी जिंकू दिलं नव्हतं. बुद्धरत्ननं परवाच त्यांचं एक उत्तर चुकीचं ठरवून दिवसभर पिडलं होतं. दौलतराव बसमध्ये जाऊन बसले आणि आपल्याला हे कळलंय याचा त्या दोघांना पत्ता लागू दिला नाही.

कँटीनमध्ये खच्चून गर्दी. एचआरच्या विजयश्री मॅडम माइकवर. शेखरचा प्रश्न झाला, बुद्धरत्नचा झाला, दोघांची उत्तरं बरोबर. मग मॅडम दौलतरावांकडं बघून काहीतरी म्हणाल्या. घरघर. नुसती घरघर. दौलतरावांनी पाहिलं, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर शेखर आळस दिल्यासारखं करून कानावर हात ठेवतोय, मग हवेत गोल तबकडी काढतोय.

"ओ शेखर! खुणा करायच्या नाहीत!" मॅडम कडाडल्या. गर्दीतून आरोळी उठली, चीटिंग, चीटिंग! मॅडमनी हात वर केला, म्हणजे हा संघ बाद. शेखर खाली मान घालून उभा. एरवी कुणाचं एक ऐकून घेत नाही तो माणूस, पण तोंडातून शब्द काढायला तयार नाही. बुद्धरत्नचीही तीच गत. अरे, सांगा ना! एका वाक्यात सुटाल! पण ते दोघं लबाड ठरायला तयार, हे गुपित फोडायला तयार नाहीत.

दौलतरावांना ते बघवेना. उठले, तरातरा गेले आणि मॅडमच्या हातातला माइक घेतला.

"चीटिंग नाही ही. मला ऐकू येत नाही. प्रेसवर कान गेले माझे. हे दोघं गेली दोन-तीन वर्षं मला असंच हातानं सांगतात, म्हणून मी माणसांत आहे. लबाड म्हणायचं तर मला म्हणा, मी लपवलं. त्यांना नाही म्हणायचं."

कँटीन गप्प झालं असणार. त्यांना ते चेहऱ्यांवरून कळलं. विजयश्री मॅडम अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि ओठ मोठे करून म्हणाल्या, "काका, प्रश्न असा. जुन्या काळी बाजारात मिळणारी गाण्याची तबकडी कशापासून बनायची?"

दौलतरावांनी छाती पुढं काढून ठणठणीत उत्तर दिलं, "मेण!"

"चूक. लाख."

"अहो, गाणं आधी मेणावरच उतरवायचे!"

"मी बाजारातली विचारली, काका."

बुद्धरत्ननं कपाळावर हात मारला. शेखरनं तर खुर्चीत बसकणच मारली. संघ हरला तो हरलाच.

परतीच्या बसमध्ये शेखर नेहमीसारखा उलटा बसला आणि दौलतरावांच्या नाकासमोर बोट नाचवत सुरू झाला, "बहिरा आहेस, माफ. आमच्यापासून लपवलंस, तेही माफ. पण मेण? आयशप्पत, मेण? माझ्या कमरेचा काटा ढिला झाला तुझ्यापायी, आणि तू म्हणतोस मेण?" बुद्धरत्ननं लगेच जोडलं, "आणि वर मॅडमशी हुज्जत!"  दौलतरावांनी दोघांचे हात धरले आणि म्हणाले, "माझ्या सख्ख्या भावांनीसुद्धा केलं नसतं रे एवढं." शेखरनं हात सोडवून घेतला. "विषय बदलू नकोस," तो म्हणाला.

तेवढ्यात पुढून यशवंतराव काहीतरी ओरडले आणि अख्खी बस खो खो हसली.

"काय म्हणाले रे?" दौलतरावांनी विचारलं. "मला नाही ऐकू आलं."

 शेखर जवळ आला आणि सावकाश म्हणाला, "म्हणतात, लाख माहीत नसलेल्याला चिखलीच्या चौकात उतरवून द्या."

"उतरवा की," दौलतराव म्हणाले, "पण तुम्हालाही बरोबर उतरावं लागेल. मला एकट्याला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायचा नाही."