जागा उरली होती

पाटी रंगवून झाली की आमचे पेंटरमामा चार पावलं मागं सरकायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि कुणी न सांगता खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायचे, 'पत्र्याची गल्ली'. पाटीच्या मालकानं जाब विचारला की उत्तर ठरलेलं: "जागा उरली व्हती."

लातूरच्या आमच्या गल्लीत आज तुम्हाला पत्रा औषधालाही सापडायचा नाही. भूकंपात गाव गमावलेली दहा-बारा कुटुंबं इथं पत्र्याच्या शेडा ठोकून राहिली, म्हणून हे नाव. मामा त्यांतलेच. पुढं क्लासेस आले, शेडांच्या जागी तीनमजली होस्टेलं उठली आणि आम्हा घरमालकांना नावाची लाज वाटू लागली. 'ज्ञाननगर' करा, असा अर्ज आम्ही नगरपालिकेत दिला. त्यावर माझीही सही होती, खोटं कशाला बोलू? माझ्याही घराचं मुलींचं होस्टेल झालं होतं.

मामा भांडले नाहीत. माझ्याच ओट्यावर बसून ब्रश पुसत म्हणाले, "सर, एक गाव मातीत गेलं माझं. आता ह्येबी नाव पुसायलात तुम्ही." मला मान वर करवेना.

त्यातच फ्लेक्स आले. जुन्या पाट्या उतरल्या, त्यांच्याबरोबर कोपऱ्यातली अक्षरंही गेली. मामांचं काम सुटलं आणि ते चहालाही येईनासे झाले.

जूनमधल्या एका सकाळी किनवटची एक मुलगी वडिलांबरोबर ट्रंक घेऊन आली. नाक्यावर मामाच उभे होते. तिनं त्यांनाच विचारलं, "आजोबा, पत्र्याची गल्ली हीच का?"

हे नाव तुला कुणी सांगितलं, मामांनी विचारलं. मोठी बहीण इथंच राहून शिकली होती. तिच्याबरोबरच्या सगळ्या पोरी असंच म्हणतात, म्हणाली.

ट्रंकेची एक कडी धरून मामा त्यांना माझ्या दारापर्यंत घेऊन आले आणि आपण होऊन चहा मागितला. "आज झोप लागंल बघा, सर," एवढंच बोलले. खरं सांगतो, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. अर्जाचं काय व्हायचं ते होवो, नाव पोरींच्या तोंडी बसलं होतं.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा होस्टेलचा फ्लेक्स फाटला म्हणून नवा करायला गेलो. खाली 'पत्र्याची गल्ली' टाक म्हटलं, तर दुकानदार कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणाला, "सर, जागाच उरत नाही."

"मग माझं नाव बारीक कर," मी म्हटलं.