झाकणावर लिहिलेलं नाव

माझी भाची पन्नाशी ओलांडून गेली, तरी घरात बारकीच राहिली. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती रक्तातल्या पेशी वाढवते. आपलं काम तिनं मला माझ्याच, नाटकाच्या भाषेत समजावलं होतं.

"मामा, एकीच्या दोन होण्याआधी पेशी विंगेत उभी असते. डीएनए म्हणजे तिचा अंगरखा. तो उसवला असेल तर शहाणी पेशी थांबते, टाके घालून घेते, मगच पुढे येते. काहींच्या पेशी मात्र फाटक्या अंगरख्यानिशी धावत सुटतात. अशांना किरणांचा पूर्ण डोस दिला, तर गाठीआधी माणूसच जायचा."

त्या आठवड्यात एका शाळकरी मुलीचं रक्त आलं होतं. डोक्यात गाठ, आणि किरणं आठवड्याअखेर सुरू व्हायची होती. तिच्या आत्याला किरणांनी फार होरपळून काढलं होतं, म्हणून डॉक्टरांनी आधी तपासणी मागितली. तुलनेला किरणं पचवलेला माणूस हवा होता. घशाला किरणं घेऊन रंगमंच सोडलेला मी हाताशी होतोच. दोघांच्या पेशींवर किरणं सोडायची आणि थोड्या वेळानं किती पेशी एकीच्या दोन होऊ पाहताहेत ते मोजायचं.

मोजणीच्या दिवशी मी तिच्याजवळ स्टुलावर बसलो होतो. बारकीनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"मुलीच्या पेशी थांबल्यात."

"मग सुटली पोर."

"तुमच्या थांबल्या नाहीत."

"मग एवढी किरणं घेऊन मी अजून इथे काय करतोय?"

ती हसली नाही. उठून बाटल्यांपाशी गेली आणि तिथेच खिळली. नाव बाटलीच्या अंगावर लिहायचं, हा तिथला दंडक. पण रक्त भरलं त्या दिवशी ओल्या काचेवर पेन उमटेना, म्हणून तिनं झाकणांवर लिहिलं होतं. आणि पेशी वाढवायचं औषध घालताना दोन्ही झाकणं एकदम काढून शेजारी-शेजारी ठेवली होती.

तिनं फोन उचलला. "डॉक्टर, उद्या किरणं देऊ नका. झाकणांची अदलाबदल झालीय असं वाटतंय. चूक माझी आहे. नवं रक्त लागेल."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "गाठ वाढतेय, बाई. थांबल्यानं काही झालं तर?"

"तर माझं नाव घ्या. पण थांबा."

माझं रक्त पुन्हा घेऊन ती मुलीचं घ्यायला स्वतः वर गेली. मुलीची आई चिडली, "पुन्हा सुई?" मुलगी म्हणाली, "या हातावर नको, तो दुखतोय," आणि दुसरा पुढे केला.

पेशी वाढेपर्यंत बारकी धड जेवली नाही. या खेपेला तिनं मोजणी सहकाऱ्याकडे दिली. कुठली बाटली कुणाची, ते त्याला सांगितलंच नाही. त्यानं आकडे आणून दिले. माझ्या पेशी निमूट थांबल्या होत्या. मुलीच्या धावत सुटल्या होत्या.

डॉक्टरांनी किरणं रद्द करून शस्त्रक्रिया ठरवली. ते ऐकून आई जिन्यात बसली.

"म्हणजे वाचली का हो?"

"किरणांपासून वाचली. गाठीचं अजून बाकी आहे," बारकी म्हणाली, आणि पायरीवर तिच्या शेजारी बसली.