रंधा मशीनचा पंचनामा

ती केस काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. पण निवृत्तीनंतर कुणी विचारलं, की साहेब, सगळ्यात अवघड केस कोणती, तर मला कुंभवलीची ती सुतारशाळा आठवते आणि मी विषय बदलतो. आज सांगून टाकतो.

मी तेव्हा बोईसरला होतो. औद्योगिक वसाहतीतलं ठाणं म्हणजे मान वर करायला सवड नाही. शिफ्ट सुटली की रिक्षावाल्यांची भांडणं, भाड्याच्या खोल्यांतल्या चोऱ्या, हरवलेले मोबाइल. दसरा नुकताच उरकला होता आणि बंदोबस्ताने आमचा सगळा स्टाफ पार मोडून पडला होता. तशात सकाळी फोन आला. सुतारशाळेशेजारचा वेल्डिंगवाला बोलत होता. "साब, मिस्त्री का हाथ कट गया. उसकी बीवी के भाई ने जानबूझकर मशीन चालू किया. सुबह से दोनों का झगड़ा चल रहा था."

पाठोपाठ रुग्णालयातूनही खबर आली. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती. हातात धरून चालवायच्या विजेच्या रंध्यात हात गेला, की पातं बोट नीट कापत नाही, तासून काढतं. डॉक्टरांना जोडायला काही उरत नाही.

मिस्त्रीचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. पन्नाशीचा, शांत माणूस. म्हणाला, "हात कसा गेला, आठवत नाय साहेब."

"मेहुण्याने मशीन चालू केली का?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. "आठवत नाय."

मेहुण्याला ठाण्यात बसवलं होतं. तिशीचा गडी, मूळचा शिरगावकडचा, बहिणीच्या घरीच राहून सुतारकाम शिकलेला. त्याला कारखान्यात नोकरी मिळत होती आणि हातातली कला सोडून जाऊ नकोस म्हणून मिस्त्री त्याच्यावर ओरडत होता. भांडणाचं मूळ एवढंच.

"प्लग कोणी लावला?"

"मीच लावला. रोज मीच लावतो."

"मशीनची कळ कोणी दाबली?"

चहा दिला, घेतला नाही. समजावलं, आवाज चढवला, सगळं झालं. एवढंच म्हणाला, "मला आत टाका साहेब, पण आता इचारू नका." नोकरीत असली माणसं मी पुष्कळ पाहिली. आत टाका म्हणणारा एकतर खरंच गुन्हेगार असतो, नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. दोन्हीत आमचं डोकं सारखंच उठतं. जाणूनबुजून गंभीर दुखापत ठरली असती, तर पोराची नोकरी तर गेलीच असती, वर काही वर्षं तुरुंगात गेली असती.

दुपारी त्याला घेऊन आम्ही पंचनाम्याला गेलो. दोन पंच बोलावले. पहिल्यांदा सगळे प्लग काढलेत ना, ते मी स्वतः पाहिलं. खंडेनवमीला पूजा झालेली, त्यामुळे फळीवरच्या हत्यारांवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या, अक्षता तशाच होत्या. ड्रिलला, करवतीच्या मशीनला, अगदी हातोड्यालासुद्धा लाल-पिवळा धागा गुंडाळलेला. रंधा मशीन खाली पडली होती. रक्त सुकलं होतं.

एवढ्यात मिस्त्रीची बायको आली. रुग्णालयातून थेट तिकडेच. रडून रडून डोळे सुजलेले. भावाजवळ जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "माजा भाव असं नाय करणार साहेब. यांनीच त्याला हाताला धरून शिकवलंय." मग तिची नजर मशीनवर गेली.

"हिचा धागा कुठं गेला?"

"कसला धागा?"

"पूजेचा. आमी सगल्यांना बांधला. हिला तर मी पयला बांधला, ही यांच्या रोजच्या हातातली."

मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, तू घरी जा," तो म्हणाला. "साहेब, हिला घरी पाठवा."

पण तिने तोपर्यंत ड्रिलचा धागा सोडवला होता. "असा बांधला," म्हणत ती मशीनपाशी बसली आणि मुठीवर धागा गुंडाळू लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा, घट्ट. मुठीखालची कळ त्या वेढ्यांबरोबर आत गेली आणि आतच राहिली. मशीन जुनी होती, चुकून चालू होऊ नये म्हणून असलेलं बाजूचं बटण केव्हाच निकामी झालं होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तिनेही पाहिलं. तिचे हात तसेच मुठीवर राहिले.

मग मेहुणा बोलला. पूजेनंतर पहिल्यांदाच काढलेली मशीन मिस्त्री उलटी धरून पात्यात अडकलेल्या अक्षता बोटाने काढत होता. याने रोजच्यासारखा प्लग लावला आणि मशीन आपोआप सुटली. प्लग उपटला, धागा कापला, भुशात फेकला. भुशातून पंचांसमक्ष तो आम्ही काढला. रक्ताने माखलेला होता.

"का फेकलास?"

"ताईनं बांधला होता ना."

संध्याकाळी मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. धाग्याचं नाव काढताच त्याने डोळे मिटले. "कळ दबलेली मला दिसली साहेब, पण तवर उशीर झाला. तिनं देवाचं म्हणून बांधला. तिला काय तोंडानं सांगू? आणि चूक माजीच हाय. वायर आपल्या हातात घेतल्याबिगर पात्याला बोट लावायचं नाय, हे मीच दुसऱ्यांना सांगत आलो."

खरं सांगून त्याने मेहुण्याला का वाचवलं नाही, याचा मला राग आला होता. पण अंगात ताप, हाताला बँडेज, त्या माणसावर काय रागावणार?

या केसने मला काय शिकवलं? एक तर अगदी साधी गोष्ट. पूजा करा, जरूर करा, पण धागा कळीवर बांधू नका आणि काम सुरू करण्याआधी काढा. पाकळी काढायची असो की पातं बदलायचं असो, आधी प्लग काढा, आणि तो दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या नजरेसमोर ठेवा. बंद केल्यावरही पातं थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका. हे मी त्यानंतर प्रत्येक सुतारशाळेत सांगत फिरलो. लोक मान डोलवायचे. किती जणांनी ऐकलं, देव जाणे.

दुसरी गोष्ट त्या बाईकडून शिकलो. अपघाताची नोंद करून मी मेहुण्याला सोडलं. तिच्यासमोर हवालदाराला सांगितलं, "लिहा, धागा गुंडाळला गेल्याने कळ दबली." कोणी गुंडाळला, ते मी मुद्दाम गाळलं होतं. घरातलं दुःख घरात राहावं, एवढाच हेतू.

ती म्हणाली, "साहेब, माजं नाव लिवा."

"गरज नाही, बाई. गुन्हा नाही हा."

"गाव उद्या माज्या भावाकडंच बोट दाखवल. लिवा, धागा मी बांधला."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तिने खाली सही केली. मग भावाला म्हणाली, "चल, यांना जेवण भरवायचंय. उजवा हात बांधलेला हाय त्यांचा."