अण्णांची सगळी ताटं

ताटाचा फोटो काढल्याशिवाय अण्णा कुणाला घास घेऊ देत नसत. "हात थांबव सायबा, आधी ॲपला जेवू दे, मग तू," म्हणत फोन ताटावर धरायचे. इकडे भुकेनं माझा जीव चाललेला, पण अण्णांना घाई कसली ती ठाऊकच नव्हती.

बेंगळुरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी साताऱ्याहून तिकडे गेलो आणि अण्णांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तिथं मुरलेलं. मराठीत कन्नड अशी कालवलेली, की वेगळी काढू म्हटलं तरी निघू नये. जन्म कारखान्यात लेथ मशीनवर काढून अण्णा निवृत्त झाले होते. बायको वारलेली, लेक मंजुळा हैदराबादला नोकरीत. एकट्यानं जेवणं मात्र त्यांना जमतच नसे. दुपार झाली की दारात उभं राहून हाकारायचे, "या या, स्वल्प जेवून जा!" शेजारच्या गोदामाचा वॉचमन, त्यांचे जुने लेथवाले दोस्त आणि सुट्टीच्या दिवशी मी, अशी आमची ठरलेली पंगत.

मग अण्णांची साखर वाढली. मंजुळाताईनं त्यांच्या फोनमध्ये आहाराचं ॲप टाकलं आणि बजावलं, "घरात जे खाल त्याचा फोटो काढायचा. मला इथं दिसतं. साखर उतरली नाही तर घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन येईन." उभ्या जन्मात कुणाला न भ्यालेला हा माणूस त्या कुलपाला भ्याला. त्यानं घरात वाढलेल्या प्रत्येक ताटाचा फोटो त्या ॲपला धाडायला सुरुवात केली!

"अहो अण्णा, फक्त तुमच्या ताटाचा काढायचा," मी कपाळावर हात मारून सांगितलं.

"पातेलं एक, मग ताटं वेगळी कशी रे?" झालं! पुढचं ताट फोनखाली गेलंसुद्धा.

त्यात ते ॲपही एक नग होतं. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे तिथला मुद्दे, त्याला काही केल्या ओळखता येईना. त्यानं ठोकून दिलं, चॉकलेट केक! मंजुळाताईला तिकडे फोटो नाही, पदार्थांची नावंच दिसायची.

एका रविवारी आमची पंगत बसली होती आणि मंजुळाताई रिकामी बॅग घेऊन दारात उभी. "अण्णा, रोज दुपारी पाच-सहा केक? जिवावर उठलात का स्वतःच्या? चला, कपडे भरा."

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. मग ते हळूच म्हणाले, "सरी, बरं, येतो. पण आधी जेव, मग भांड."

ती धुसफुसत बसली आणि बघत राहिली. अण्णा सगळ्यांना आग्रह करकरून गोळे वाढत होते. शेवटी स्वतः अर्धा गोळा आणि ढीगभर पालेभाजी घेऊन टेकले.

"आणि केक कुठाय?" तिनं विचारलं. वॉचमननं मुकाट्यानं आपल्या ताटातल्या गोळ्याकडे बोट दाखवलं.

जेवणानंतर दोन तासांनी तिनं पर्समधलं यंत्र काढलं आणि अण्णांचं बोट टोचलं. तोवर कुणी घरी जायलासुद्धा उठलं नव्हतं.

"अगं बाई! उतरलीय की!" म्हणत ती अशी हसत सुटली, की तिला ठसका लागला. आम्ही तर एवढा गलका केला, की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

बॅग परत गेली ती नाचणीचं पीठ आणि चटणीची पूड भरून. निघताना अण्णांनी तिला बजावलं, "आता तुझ्याही ताटाचा फोटो येऊ दे."

दुसऱ्या दिवशी आला. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिला.

"एकच ताट?" ते म्हणाले. "पोरगी एकटी जेवते रे."

मग फोन माझ्या हातात कोंबला. "लिही तिला. तुझ्या इमारतीखाली वॉचमन असेल, त्याला जेवायला हाक मार म्हणावं."