खुडूक कोंबडीखालचं अंडं

कुरुंदवाडच्या स्टँडवर आईनं एसटीच्या खिडकीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि उकडलेली अंडी माझ्या मांडीवर टाकली आणि ओरडली, "वाटंतच खा रं, शिळी झाली की वास मारत्यात!" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. विलायतेला निघालेला मी, अंगात नवा सूट, आणि मांडीवर अंडी. मिरज यायच्या आत मिटक्या मारत संपवली. चवीनं खाल्लेली तीच शेवटची.

तुम्ही गावात राहिलात. तुम्हाला वाटतं, साहेबाच्या देशातली लॅब म्हणजे काचा, पांढरे कोट आणि टापटीप. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनी घरी तसंच कळवलं असणार, मीही कळवलं. खरं सांगू? घाण होती नुसती. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवायचा, तोही पिल्लू धरलेल्या अंड्यात. दिव्यापुढं धरलं की लाल शिरा दिसायच्या आणि मधे एक काळा ठिपका हलायचा. हलला तर अंडं चांगलं. मग टरफलाला भोक पाडून सुईनं विषाणू सोडायचा, दोनेक दिवस उबेत ठेवायचं, मग गारठ्यात ठेवून पिल्लू मारायचं आणि त्याच्याभोवतीचं पाणी ओढून घ्यायचं. बाकीचं बादलीत. एखादं कुजकं फुटलं की तो वास केसांत, नखांत, रात्री उशीतसुद्धा. आणि दुपारी तीच माणसं कॅंटीनमध्ये अर्धकच्च्या बलकात पाव बुडवून खायची! मला बघूनच ओकारी यायची.

काम मात्र भारी होतं, ते नाकारत नाही. या विषाणूची जनुकं एका लांब धाग्यात नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच अंड्यात दोन जाती सोडल्या की तुकड्यांची अदलाबदल होते. नव्या साथीच्या जातीकडून पृष्ठभागावरची प्रथिनं घ्यायची, कारण लसीतून शरीराला ओळख करून द्यायची ती त्यांचीच. जुन्या जातीकडून अंड्यात भरभर वाढायचा गुण घ्यायचा. असा मिश्र विषाणू निवडून काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा आईनं हौसेनं अंड्याचं कालवण केलं. ताट पुढं आलं, वास आला आणि मी तोंड दाबून परसात पळालो. मागून आईचा आवाज आला, "आमच्या हातचं गिळंना झालंय व्हय रं तुला?"

ते जिव्हारी लागलं. मला तिच्या हातची किळस आली असं तिला वाटायला नको, म्हणून परत येऊन मी अंडी, सुई, तुकडे, सगळं सांगून टाकलं. आबा, म्हणजे माझे वडील, खो खो हसले. "म्हंजे हायब्रीड जोंधळा की! पीक दांडगं, पर भाकरी घशाखाली उतरंना!" तेव्हा हायब्रीड नवं नवं आलं होतं आणि त्याच्या नावानं ते थुंकायचे.

आई हसली नाही. "आत पिल्लू आसताना?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

हीच बाई गप्पा मारता मारता कोंबडी कापायची. पण खुडूक कोंबडी अंडी उबवायला बसली की तिच्याखाली हात घालायची आम्हा पोरांची टाप नव्हती. मेल्या उंदराकडं बघावं तसं तिनं माझ्या हातांकडं बघितलं.

"त्यानं माणसं वाचत्यात?"

"वाचतात."

"वाचू देत की. पर त्या हातानं माझ्या चुलीम्होरं जेवू नगंस."

मला वाटलं, ताटावरनं उठवलं. पण तिनं तांब्या उचलला, मला मोरीवर नेलं, हातांना राख चोळायला लावली आणि वरून पाणी ओतत राहिली. बराच वेळ ओतलं. मग म्हणाली, "बास. आता जेव." कालवण आबांच्या ताटात गेलं, मला आमटी वाढली.

पुढं प्रत्येक सुट्टीत हेच. माझी अंड्यांची किळस गेली नाही, तिची माझ्या हातांची गेली नाही. पण मला उपाशी तिनं कधी उठवलं नाही.

आता आई नाही. गावचं घर भावाकडं, इथलं माझ्या नावावर. दोन्हीकडं नळ आहे, चांगला साबण आहे. जेवायच्या आधी मी हात धुवायला उभा राहतो आणि धूतच राहतो. बास म्हणायला कुणी नाही.