आबांच्या जेलचा कागद

“आज्जे, पळ!” म्हणत माझी नात पुढे पळाली आणि आग्यामोहोळाच्या माशा माझ्या डोक्यावर बसल्या. माझे गुडघे पळायचे नाहीत. मी कडब्याच्या गंजीत डोकं खुपसलं. धूर मीच केला होता. लिंबाखाली तीन दगड मांडून चहाला जाळ घातला, वर फांदीला मोहोळ आहे, हे बघितलंच नाही.

नात प्रज्ञा पीएचडी करते. आपल्या बौद्ध माणसांकडं जमीन किती आणि गाव त्यांना आपलं म्हणतं का, हा तिचा अभ्यास. मी चौथी शिकलेली. पण रेकॉर्डर बघून बाया गप्प होतात आणि मला बघून बोलतात, म्हणून ती मला नेते. सकाळी आमच्या पालीहून बीड, एसटीनं गेवराई, मग जीपनं चकलांबा. रस्त्याकडेला कापूस फुटला होता.

तिथल्या सुखदेवआबांनी आणि त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी, ‘जयभीम’ करून येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) वाढली. प्रज्ञाचं नाक वाहू लागलं.

“शिकून तिखट सोसत न्हाई व्हय?” कलाबाई हसल्या.

आबांनी तरुणपणी गायरान (गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन) नांगरलं, म्हणून पोलिसांनी नेलं. अटकेचा तो कागद त्यांनी पेटीत जपलाय. नांगरताना धरलं, म्हणजे तेव्हापासून जमीन तेच कसतात, हा त्यांचा पुरावा. सोमवारी तो तहसीलला दाखवायचा होता. झेरॉक्सवाल्याच्या हाती द्यायलाही त्यांचा जीव धजत नव्हता.

“घरात दावत न्हाई. रानात उभा राहूनच दावतो,” ते म्हणाले. म्हणून आम्ही रानात आलो होतो.

कलाबाईंनी मला गंजीतून ओढून पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. प्रज्ञा आणि आबा तिथंच होते. कागद मात्र लिंबाखाली दगडाखाली राहिला होता आणि माझा जाळ वाळक्या गवतातून त्याच्याकडं सरकत होता.

आबा उठले.

“अवो, बसा,” कलाबाईंनी त्यांचा हात धरला. “तुमी जेलात जाऊन आलाव. आता माझी पाळी.”

डोक्यापासून घोंगडी गुंडाळून त्या निघाल्या. चहाचं पातेलं जाळावर उपडं केलं, गवत पायानं विझवलं आणि कागद घेऊन आल्या. एक कोपरा करपला होता. अक्षरं शाबूत.

“चहा गेला की,” मी म्हणाले.

“अक्का, आता माझ्या रानात काडी वडू नका. लई झालं!”

गेवराईच्या डॉक्टरनं माझ्या तोंडावरचे नऊ काटे काढले. सोबत आलेल्या आबांनी तिथं झेरॉक्सही काढू दिली, पण मशीनला हात टेकवून उभे राहिले.

परतीच्या एसटीत कंडक्टर माझ्या सुजल्या तोंडाकडं बघून तिकीट द्यायचं विसरला. प्रज्ञा म्हणाली, “आज्जे, हे प्रबंधात कसं लिहू?”

“झालं तसं लिही. जमीन कुणाची, ते कलाबाईनं ‘माझ्या रानात’ म्हणून तुझ्यासमोर सांगितलंय.”

सोमवारी तहसीलच्या साहेबांनी कागद बघून नोंद घेतली. माशा उठल्या त्या दुपारी लिंबाखाली आबा, कलाबाई, प्रज्ञा आणि मी होतो. चौघंही वाचलो.