दोन अंगठ्यांची परवानगी

"मॅडम, लॉगमध्ये तिचंच नाव हाय. आता काय बोलायचं राहिलं?" गजाननने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लॉग म्हणजे कोणी काय केलं याची मशीनने ठेवलेली नोंद.

ईरा, ओम, पोरांनो, हा गजानन माझा जुना विद्यार्थी. बीडमधल्या त्याच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग करते. म्हणजे इतरांनी लिहिलेला प्रोग्राम मुद्दाम वेडावाकडा वापरून चुका शोधते. आमचं ॲप सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात किती आहे ते दाखवतं. त्या दिवशी दहा वाजता नेकनूरहून नर्सबाईंचा फोन आला. "तुमच्या ॲपात आमच्याकडं वीस बाटल्या दिसायल्यात. इथं एक बी न्हाई." वडवणीचा साठा नेकनूरच्या नावावर पडला होता. पेशंट आलेला नव्हता, हे नशीब.

ही चूक मला आधीच सापडली होती. सव्वानऊला मी ग्रुपवर लिहिलं होतं, "व्हर्जन बारा थांबवा. साठ्याची गावं चुकली आहेत." तरी साडेनऊला ते रिलीज झालं, म्हणजे ॲपची ती नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर गेली. लॉगमध्ये नाव शीतलचं. युसूफ वडगाव या गावची मुलगी, नोकरीला सहाच महिने झालेले.

"मॅडम, मी तवा एसटीत व्हते. मोबाईल पिशवीत व्हता."

"आजच घरी पाठवतो हिला," गजानन म्हणाला.

"दुपारपर्यंत थांब."

माझा तिच्यावर विश्वास होता असं नाही. मी तिचं तिकीट मागून पाहिलं. वेळ जुळत होती, पण रिलीज मोबाईलवरूनही करता येतं. मग आमच्या दुसऱ्या प्रोग्रामरला, आसिफला विचारलं. तो चिडला. "मी कावून करू, मॅडम?"

राहिला बॉट. बॉट म्हणजे ग्रुपमधले मेसेज वाचून ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्राम. शीतलने बसवलेला, म्हणून तिच्याच लॉगिनवर चालतो. नियम गजाननचा: ज्या मेसेजमध्ये व्हर्जनचा नंबर आहे, त्याला दोघांनी अंगठ्याचं चिन्ह दिलं की रिलीज.

मी माझा सव्वानऊचा मेसेज उघडला. खाली दोन अंगठे. एक आसिफचा.

"तुमी थांबा म्हणालात, मी हो म्हणालो," आसिफ म्हणाला. "तुमचा मेसेज नुसता बघून कसा सोडायचा? बरं दिसत न्हाई."

ग्रुप आणि बॉटच्या सरावाच्या कॉपीवर मी लिहिलं, "व्हर्जन बारा अजिबात सोडू नका." आसिफ आणि गजाननला म्हटलं, "द्या अंगठे."

बॉट लगेच उत्तरला, "दोन संमती मिळाल्या. रिलीज पूर्ण. अभिनंदन!"

"अभिनंदन, सर," आसिफ म्हणाला.

गजानन सकाळचा मेसेज बघत होता. "पहिला अंगठा माझाच हाय की."

शीतलची नोकरी राहिली. आता मी 'सोडा' असं टाइप केल्याशिवाय बॉट हलत नाही. गजाननने ग्रुपवर "सॉरी शीतल" लिहिलं. त्याला मात्र कोणीच अंगठा दिला नाही.

अंगठ्यावरून मेसेज पोचला एवढं कळतं, वाचला का ते कळत नाही. तुम्ही दोघं तिकडून माझ्या प्रत्येक मेसेजला अर्ध्या मिनिटात अंगठा देता. या मेसेजला अंगठा चालणार नाही. शीतल कशात बसली होती आणि तिचा मोबाईल कुठे होता, तेवढं लिहून पाठवा.